स्त्रीबीज गोठवणं आणि बीजदान: गोव्यातल्या बायका विचारतात ते प्रश्न

शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो आणि आमच्या ओपीडीतली गर्दीही त्याच दिवशी वाढते. घरी 'बाजाराला जाऊन येते' एवढंच सांगितलेलं असतं. पायाशी पिशवी, पिशवीत मयड्याची केळी, आणि केळ्यांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली रिपोर्टांची फाईल. मी इथे समुपदेशनाचं काम करते. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा अशा कुठून कुठून बायका येतात, पण प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यातले निम्मे तर तपासणी झाल्यावर, दाराच्या कडीला हात घालून, जाता जाता विचारलेले असतात. ते सगळे इथे लिहून काढले आहेत. तुमच्या रिपोर्टांवर काय करायचं ते तुमचे डॉक्टरच सांगतील. हे वाचून गेलात तर त्यांना काय विचारायचं ते तुमच्याकडे तयार असेल.

वय वाढलं की नक्की काय बिघडतं? माझी पाळी तर अगदी वेळेवर येते.

पाळी वेळेवर येणं आणि स्त्रीबीजं चांगली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात, पाळी सुरू होते तेव्हा तीन-चार लाख. नवीन बीज नंतर कधीच तयार होत नाही. म्हणजे तुम्ही ३८ वर्षांच्या असाल तर तुमचं बीजही ३८ वर्षांचंच आहे.

संख्या घटते तशी प्रतही घसरते. पस्तिशीनंतर हा उतार जास्त तीव्र होतो. बीजात गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून गर्भ राहत नाही, राहिला तर पडतो. डाऊन सिंड्रोमचं बाळ होण्याची शक्यता विशीत साधारण १५०० त एक असते, ३५ व्या वर्षी ३५० त एक, ४० व्या वर्षी १०० त एक. योगासनं, आहार, सिगारेट सोडणं यांचा फायदा जरूर आहे, पण बीजाचं वय मागे नेणारं औषध किंवा काढा कुणाकडेही नाही. असं औषध देतो म्हणणाऱ्याकडे पैसे आणि महिने घालवून आलेल्या बायका मी पाहते. पैशांपेक्षा त्या महिन्यांचं वाईट वाटतं.

गर्भपिशवीचं मात्र तसं नाही. ती बीजाइतक्या झपाट्याने म्हातारी होत नाही, आणि बीजदानाचा, म्हणजे दुसऱ्या बाईचं बीज घेऊन आपल्या पोटात मूल वाढवण्याचा, सगळा उपचार याच एका गोष्टीवर उभा आहे.

एएमएच कमी आलाय. म्हणजे मूल होणारच नाही का?

असं नाही. एएमएच ही रक्ततपासणी बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देते. इंजेक्शनं दिली तर किती बीजं मिळतील, हे त्यावरून आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या लहान फॉलिकलच्या, म्हणजे बीज असलेल्या पिशव्यांच्या, संख्येवरून ठरवतात. बीज चांगलं की वाईट हे एएमएच सांगत नाही. ३० वर्षांच्या बाईचा एएमएच कमी असला तरी तिची उरलेली बीजं ३० वर्षांचीच असतात. नुसता हा आकडा पाहून रात्रभर रडलेल्या मुली सकाळी येतात, म्हणून हे ठासून लिहिते आहे. मात्र आकडा कमी असेल तर वाट पाहण्यात वर्ष घालवू नका.

बीज गोठवतात म्हणजे काय काय करतात?

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी होते आणि पोटावर टोचायची इंजेक्शनं सुरू होतात. साधारण ८ ते १४ दिवस. सुई अगदी बारीक असते. पहिलं इंजेक्शन नर्स देते, पुढची बहुतेक जणी स्वतःच घेतात. दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी. पडद्यावर काळे गोल दिसतात, मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे एकाला एक चिकटलेले. ते फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं त्या पाण्याच्या पिशव्या. त्या पुरेशा मोठ्या झाल्या की शेवटचं इंजेक्शन, त्याला ट्रिगर म्हणतात. त्याची वेळ घड्याळ लावून पाळायची असते, कारण त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात. रात्री साडेदहा सांगितलं असेल तर साडेदहाच. शेजारच्या लग्नाला गेला असाल तरी.

बीजं काढताना झोपेचं औषध देतात. योनीमार्गातून सोनोग्राफी करत बारीक सुईने फॉलिकलमधलं पाणी ओढून घेतात. पोटावर छेद नाही, टाका नाही. वीसेक मिनिटांचं काम, संध्याकाळपर्यंत घरी. ते पाणी लगेच लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. बीज शरीरातल्या सगळ्या पेशींत मोठं असलं तरी मिलिमीटरचा दहावा भागच असतं. पक्व बीजं वेगळी काढून, त्यांतलं पाणी शोषून, त्यांना क्षणात थंड करतात. इतक्या वेगाने की आत बर्फाचे स्फटिक तयार व्हायला वेळच मिळत नाही. पूर्वी हळूहळू गोठवत, तेव्हा हे स्फटिकच बीज फाडून टाकत. आताच्या पद्धतीला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. मग ती बीजं उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात.

पुढे हवी तेव्हा बीजं वितळवतात, एकेका बीजात एकेक शुक्राणू सुईने सोडतात, आणि तयार झालेला भ्रूण गर्भपिशवीत ठेवतात.

इंजेक्शनांबद्दल आणखी एक. काही इंजेक्शनं फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. वरच्या खणात, बर्फाच्या पेटीला चिकटून ठेवू नका. गोठली की वाया गेली. वाळपईहून बसने येणाऱ्या एका मुलीने औषधं थेट बर्फावर ठेवून आणली होती. हजारोंची औषधं टाकून द्यावी लागली. बर्फ आणि औषध यांच्यामध्ये जाड टॉवेलची घडी हवी.

इंजेक्शनांनी पुढच्या वर्षांची बीजं आधीच संपून जातात का?

नाही. दर महिन्याला अनेक बीजं वाढायला लागतात, त्यातलं एक पुढे जातं आणि बाकीची त्याच महिन्यात विरून जातात. इंजेक्शनं या विरून जाणाऱ्या बीजांना वाढवतात. पुढच्या महिन्याच्या साठ्याला हात लागत नाही.

धोका किती?

पोट फुगणं, जडपणा, चिडचिड हे बहुतेकींना होतं आणि पुढची पाळी आली की जातं. खरी काळजी अंडाशयांनी औषधाला फार जोरात प्रतिसाद देण्याची असते. पीसीओडी (अंडाशयांत खूप लहान फॉलिकल साठण्याचा त्रास) असलेल्या तरुण मुलींत हे जास्त दिसतं. पोटात पाणी साठतं, रक्त घट्ट होतं. आज योग्य ट्रिगर निवडून आणि गर्भ त्याच महिन्यात न ठेवता हा धोका पुष्कळ कमी करता येतो. तरीही बीजं काढल्यावर पोट झपाट्याने फुगलं, सारखी उलटी होऊ लागली, लघवी कमी झाली किंवा श्वास लागला, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच फोन करा. सुईमुळे रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण होतो; त्याची कल्पना आधी द्यायलाच हवी.

किती बीजं गोठवली म्हणजे पुरे?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि याचंच उत्तर जाहिरातींत नसतं. बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये एक हिशेब मांडला. निदान एक मूल होण्याची शक्यता ७५ टक्के हवी असेल तर ३४ व्या वर्षी साधारण १० पक्व बीजं लागतात, ३७ व्या वर्षी २०, आणि ४२ व्या वर्षी ६१. बेचाळिशीत एका खेपेत चार-पाच बीजं मिळणाऱ्या बाईने एकसष्ट कधी आणि कशी गोळा करायची? म्हणून चाळिशीनंतर कुणी 'आता गोठवून ठेवू, मग बघू' म्हणालं की मी त्यांना हे आकडे कागदावर लिहून दाखवते. हे आकडे अमेरिकेतले आहेत, ढोबळ आहेत. पण वयाचा फरक किती पडतो ते त्यांतून नीट कळतं.

गोठवलेली सगळी बीजं वितळल्यावर वाचत नाहीत, वाचलेली सगळी फळत नाहीत, फळलेले सगळे भ्रूण रुजत नाहीत. ३२-३३ व्या वर्षी गोठवली तर ही चांगली शिदोरी आहे, आणि तरीही शंभर टक्के खात्री नाही. मुलगी तिशीत असेल आणि जोडीदार मिळालेला असेल, दोघांनाही मूल हवं असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: गोठवण्याआधी सरळ मुलाचाच विचार करा.

माझं लग्न झालेलं नाही. मला गोठवता येतील का? घरच्यांची सही लागते का?

येतात. २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात २१ वर्षांवरची आणि ५० च्या आतली बाई, लग्न झालेलं असो वा नसो, स्वतःसाठी उपचार घेऊ शकते. पुरुषाला ५५ ची मर्यादा आहे. सही तुमची, वडिलांची किंवा भावाची नाही. कौमार्याची काळजी दबक्या आवाजात विचारली जाते, म्हणून तेही सांगते: तपासणी पोटावरून करता येते, पण बीजं काढताना सुई योनीमार्गातूनच जाते. त्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणी बोला. त्यांना यात नवीन काही नाही.

पावसात आमच्याकडे दोन-दोन दिवस वीज नसते. वीज गेली तर बीजांचं काय?

हा प्रश्न गोव्यातच विचारला जात असावा, आणि तो अगदी रास्त आहे. द्रवरूप नायट्रोजनची टाकी विजेवर चालत नाही. ती मोठ्या थर्मॉससारखी असते, आत नायट्रोजन असेपर्यंत थंडावा तसाच राहतो. तो हळूहळू उडून जातो, म्हणून ठरावीक दिवसांनी भरावा लागतो. तेव्हा केंद्राला जनरेटरबद्दल विचारण्याऐवजी हे विचारा: नायट्रोजनची पातळी कोण, किती दिवसांनी बघतं? त्याची वही आहे का? पातळी खाली गेली तर रात्री कुणाच्या फोनवर अलार्म वाजतो? नीट चालवलेल्या लॅबला हे प्रश्न आवडतात. ते टाकी दाखवायलाही नेतात.

किती वर्षं ठेवता येतात? आणि मी परदेशी गेले तर?

द्रवरूप नायट्रोजनमध्ये बीजाचं वय वाढत नाही, त्यामुळे दोन वर्षं आणि आठ वर्षं यांत बीजाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. कायदा दात्याची बीजं आणि भ्रूण यांना १० वर्षांची मर्यादा घालतो. स्वतःसाठी गोठवलेल्या बीजांबद्दल तुमच्या करारात नेमकं काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. दरवर्षीचं भाडं भरायचं विसरलात, फोन नंबर बदलला, तर केंद्र काय करणार, हेही त्यातच असतं.

आपल्याकडे निम्म्या वाड्याचं कुणी ना कुणी पोर्तुगालच्या कागदांवर इंग्लंडला गेलेलं असतं, म्हणून दुसरा प्रश्न. बीजं किंवा भ्रूण देशाबाहेर विकायला आणि पाठवायला कायद्याने बंदी आहे. आपली स्वतःची, स्वतःच्या वापरासाठी न्यायची असतील तर याच कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी घ्यावी लागते. तिकिटं काढण्याआधी हे काम सुरू करा.

हे सगळं अजून प्रयोगाच्या अवस्थेत तर नाही ना?

कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी भारतातली पहिली टेस्ट ट्यूब मुलगी जन्मली, आणि त्यांनी तर भ्रूण गोठवून मग वापरला होता. त्यांच्या हयातीत कुणी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. ऑगस्ट १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून आणखी एक टेस्ट ट्यूब मुलगी जन्मली, आणि दात्रीच्या बीजापासून बाळ जन्माला घालण्याचं कामही त्यांनीच नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे आणलं. बीज गोठवणं त्या मानाने नवीन. अमेरिकेतल्या प्रजनन वैद्यक संस्थेने त्याच्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का २०१२ मध्ये काढला. म्हणजे प्रयोग म्हणता येणार नाही.

कॅन्सर निघालाय. उपचारांआधी बीजं गोठवायला वेळ असतो का?

बऱ्याचदा असतो, पण पहिल्याच भेटीत विचारलं तर. केमोथेरपी आणि ओटीपोटावरचं रेडिएशन अंडाशयांतला साठा संपवू शकतं. अशा वेळी पाळीची वाट न पाहता कुठल्याही दिवशी इंजेक्शनं सुरू करता येतात आणि साधारण दोन आठवड्यांत बीजं काढून होतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेन फार वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल देतात. मुंबईला टाटाला जायची धावपळ चालू असते, घरात सगळे घाबरलेले असतात, आणि २६ वर्षांच्या मुलीला पुढे मूल हवंय का हे विचारायचं सगळ्यांच्याच लक्षातून जातं. आईने, बहिणीने, कुणीतरी विचारा. ऑन्कोलॉजिस्टने थांबायला वेळ नाही म्हटलं तर त्यांचं ऐका, जीव आधी.

दात्रीचं बीज घ्या असं डॉक्टर कधी सांगतात?

चाळिशीच्या आतच अंडाशयांनी काम थांबवलेलं असेल तेव्हा. हे शंभरात एकीला होतं. टर्नर सिंड्रोम (जन्मतःच एक एक्स गुणसूत्र कमी किंवा अपुरं असणं) असेल, केमो झाली असेल, चॉकलेट सिस्टच्या, म्हणजे अंडाशयातल्या जुन्या रक्ताच्या गाठींच्या, ऑपरेशनांत अंडाशयांचा बराच भाग गेला असेल, आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब उपचाराच्या, खेपांमागून खेपा बीजाच्या प्रतीमुळे फुकट गेल्या असतील, किंवा गंभीर आनुवंशिक आजार मुलात उतरायची भीती असेल तेव्हा. आणि वय वाढलेलं असेल तेव्हा, हे तर आलंच.

गर्भपिशवीचा आतला थर क्षयरोगाने खराब झाला असेल तर नुसतं बीज बदलून भागत नाही. आपल्याकडे हा आजार बायकांत मुकाट्याने राहतो. म्हणून बीजदानाला हो म्हणण्याआधी 'माझ्या गर्भपिशवीची तपासणी झाली का?' एवढं विचाराच. नवऱ्याची वीर्यतपासणीही. दर वेळी दोष बाईच्याच पदरात घालायची आपली सवय इतकी जुनी आहे की तीन वर्षं बायकोचे उपचार करून नवऱ्याची साधी तपासणी न झालेली जोडपी अजूनही येतात.

दात्री कोण असते? माझी बहीण देऊ शकते का? आमच्या जातीची मिळेल का?

दात्री शोधणं, तिची तपासणी करणं हे काम कायद्याने नोंदणीकृत एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) बँकेचं आहे. क्लिनिकने किंवा नातेवाइकांनी परस्पर ठरवायचं नाही. बहिणीचा विचार करणाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटतं, पण एकाच अंगणात वाढणाऱ्या त्या मुलाचं, मावशीचं आणि आईचं नातं कसं राहील हा प्रश्न सोपा नसतोच.

दात्रीचं वय २३ ते ३५. एचआयव्ही, हेपटायटिस बी व सी, गुप्तरोग यांसाठी रक्त तपासतात. तिची ओळख तुम्हाला कळत नाही, तुमची तिला कळत नाही. बँकेकडे मात्र तिची आधारसकट नोंद असते. एका दात्रीची बीजं एकाच जोडप्याला देता येतात.

रक्तगट, रंग, उंची, बांधा शक्य तेवढा जुळवतात. जातीबद्दल विचारणाऱ्यांना मी रागावत नाही, कारण बहुतेकदा तो प्रश्न सासूबाईंनी पाठवलेला असतो. पण उत्तर सरळ देते: सूक्ष्मदर्शकाखाली जात दिसत नाही. त्याऐवजी तिची तब्येत, तिच्या घरातले आजार, तिच्या तपासण्या कधी झाल्या, हे विचारा.

दात्रीला आपण किती पैसे द्यायचे?

बीजांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेला ५ ते १० लाखांचा दंड, पुन्हा केल्यास तुरुंग. कुणी एजंट 'सुंदर, गोरी, शिकलेली' असे दर सांगत असेल तर तिथून उठा. दात्रीसाठी १२ महिन्यांचा विमा मात्र तुम्हालाच काढावा लागतो, आणि तो मनापासून काढा. तीही दहा-बारा दिवस तीच इंजेक्शनं घेते, तीच सुई सोसते, तिच्याही पोटात पाणी होऊ शकतं. आयुष्यात एकदाच ती बीजं देऊ शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. ही मर्यादा तिच्यासाठी आहे. फाईलवर ती एक नंबर असते, पण सोनोग्राफीच्या टेबलावर ती कुणाची तरी बायको, मुलगी, आई म्हणून झोपलेली असते. तिच्याशी नीट वागलं जातंय का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. मला वाटतं, ते तुमचं कामच आहे.

सात बीजांत काय होणार?

समजा सातपैकी सहा पक्व निघाली, त्यातली चार-पाच फळली, तर पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन भ्रूण तग धरतात. बीज तरुण असल्यामुळे त्या दोन-तीनांची रुजायची ताकद चांगली असते. कधी एकही उरत नाही. तेव्हा पुढे काय करायचं, खर्च पुन्हा किती, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. दोन भ्रूण एकदम ठेवून 'जुळी होऊ दे, एकदाच सुटू' असा आग्रह धरू नका. चाळिशीतल्या जुळ्यांच्या गरोदरपणात आईचा रक्तदाब आणि बाळांचं अपुऱ्या दिवसांचं जन्मणं, दोन्ही महागात पडतं. दात्रीच्या बीजाच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका तसाही थोडा जास्तच असतो.

ते मूल माझं असेल का?

हाच तो दाराच्या कडीला हात घालून विचारलेला प्रश्न.

त्या बाळात तुमची गुणसूत्रं नसतील, हे मी लपवत नाही. नवऱ्याची असतील, दात्रीची असतील. पण दात्री देते ती डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी एक पेशी. तिथून पुढे साडेतीन किलोचं बाळ होतं ते तुमच्या रक्तावर, तुमच्या जेवणावर. त्याला पोटात ऐकू येतो तो तुमचाच आवाज. गर्भपिशवीतल्या वातावरणाचा जनुकांच्या कामावर परिणाम होतो, हेही आता माहीत आहे.

एवढं सांगूनही काही बायका गप्प राहतात, आणि ते बरोबर आहे. आपल्या आईचं नाक, आजीचे कुरळे केस पुढे जाणार नाहीत याचं दुःख खरं असतं. त्या दुःखाला वेळ द्या. मी सांगते, एक-दोन महिने थांबा, फाईल कपाटात ठेवा. फार जणींनी या काळात देवीला कौलही लावलेला असतो. लावा, मन शांत होत असेल तर जरूर लावा. फक्त कौल मिळेपर्यंत वर्ष काढू नका. एक बाई तीन वेळा येऊन तीन वेळा परत गेली. चौथ्यांदा आली तेव्हा म्हणाली, 'चवथीला माटोळी बांधताना सगळी फळं आपल्याच झाडाची थोडीच असतात?' माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगून बांधतात ती आरास. ते वाक्य तिचं आहे. मी ते नंतर कुणाला सांगितलेलं नाही, कारण दुसऱ्या कुणाचा निर्णय त्यावर व्हावा असं मला वाटत नाही. इथे मात्र लिहावंसं वाटलं.

आणि काही जणी विचार करून नाही म्हणतात. दत्तक घेतात, किंवा दोघंच राहतात. त्या चुकल्या असं मला कधीच वाटलेलं नाही.

उद्या भाऊबंद म्हणाले, हे मूल तुमचं नाही, तर? घर-भाटाचा, म्हणजे घर-बागायतीचा, वाटा?

कायदा इथे तुमच्या बाजूने भक्कम आहे. या उपचारातून झालेलं मूल उपचार घेणाऱ्या जोडप्याचं जैविक मूल मानलं जातं आणि पोटच्या मुलाचे सगळे हक्क त्याला मिळतात. दात्रीचा मुलावर कुठलाही हक्क राहत नाही. गोव्यात तर वारसाहक्काच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे निम्मी मालमत्ता मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखूनच ठेवावी लागते. ती मृत्युपत्राने दुसऱ्या कुणाला देता येत नाही. तेव्हा इन्व्हेंटरीच्या, म्हणजे कोर्टातल्या वाटणीच्या, वेळी या मुलाचं नाव इतरांसारखंच येतं. जन्मदाखल्यावर नाव तुमचंच.

एक काळजी घ्या. जोडपं म्हणून उपचार घ्यायला कायद्याने लग्न झालेलं असावं लागतं. देवळात लग्न लागलं, जेवणावळ झाली, पण सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नाच्या नोंदणीची दुसरी सही राहूनच गेली, असं अजूनही घडतं. आधी ते पूर्ण करा.

अंगावर पाजता येईल का?

हो. दूध येतं ते बाळंतपणाच्या हार्मोनमुळे. बीज कुणाचं होतं याचा त्याच्याशी संबंध नाही.

घरच्यांना सांगायचं का? मुलाला?

घरच्यांपैकी कुणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. वाड्यावर एकाला कळलं की तिन्हीसांजेपर्यंत सगळ्यांना कळतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मुलाचं वेगळं आहे. माझं मत, सांगावं, आणि लहान असतानाच सांगावं. चार-पाच वर्षांच्या मुलाला 'आईच्या पोटात बी नव्हतं, एका चांगल्या बाईने दिलं, मग तू आलास' एवढं पुरतं. त्याला ती गोष्ट वाटते. पुढे कधी रक्तगटावरून किंवा घरबसल्या केलेल्या डीएनए तपासणीतून विशीत कळलं, तर त्याला पहिला प्रश्न पडतो तो बीजाबद्दल नसतो. तुम्ही का लपवलंत, हा असतो.

मुलगाच हवा, तेवढं बघता येईल का?

नाही. तो गंभीर गुन्हा आहे, आणि असं आश्वासन देणारं केंद्र इतर बाबतींतही विश्वासाचं नाही.

नवरा बोटीवर असतो. वर्षातून दोन-तीन महिने घरी. आमचं काय?

आधी हे की 'एक वर्ष प्रयत्न करूनही' हा वंध्यत्वाचा निकष तुमच्यासाठी कॅलेंडरवर मोजायचा नाही. चार वर्षांच्या लग्नात एकत्र राहणं दहा महिन्यांचंच झालं असेल तर कदाचित दोष कुठलाच नाही. दुसरं, त्याचं वीर्य सुटीत गोठवून ठेवता येतं आणि उपचार तो नसताना सुरू होऊ शकतात. पण लेखी संमतीवर दोघांच्याही सह्या लागतात. म्हणून तो घरी असतानाच एकदा एकत्र या, त्याच्या तपासण्या, सह्या, वीर्य गोठवणं सगळं उरकून घ्या. त्याचं विमान उडाल्यावर फोन करणाऱ्या बायकांना पुढच्या सुटीची वाट बघायला सांगताना मला फार जड जातं.

खर्च झेपणारा नाही. सरकारी सोय आहे का?

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) २०२३ मध्ये आयव्हीएफचं केंद्र सुरू झालं आणि तिथले उपचार मोफत आहेत. लाखांचे आकडे ऐकून परत फिरलेल्या कुटुंबांना याने फार मोठा आधार झाला. तिथे आधी जाऊन या. दात्रीचं बीज लागणार असेल तर त्यातलं काय तिथे होईल आणि काय बाहेरच्या बँकेकडून आणावं लागेल, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्या. खासगीत गेलात तर एकरकमी 'पॅकेज' ऐकून हो म्हणू नका. इंजेक्शनं, भूल, लॅब, बीज गोठवणं, दरवर्षीचं भाडं, पुढे वितळवून भ्रूण ठेवणं आणि दात्रीचा विमा, प्रत्येकाचा आकडा वेगळा मागा. केंद्राचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असायला हवं; ते कधीपर्यंत लागू आहे तेही बघा.

पहिल्या भेटीला काय घेऊन यायचं?

दोघांची आधार कार्डं, लग्नाचा सिव्हिल दाखला, जुने सगळे रिपोर्ट, झालेल्या ऑपरेशनांचे डिस्चार्ज कागद, आणि गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा. सोनोग्राफीच्या जुन्या फिल्म फेकू नका, त्याही आणा. आईला किंवा बहिणीला पाळी लवकर बंद झाली असेल तर कितव्या वर्षी, ते घरी विचारून या. नवरा बोटीवर असेल तर त्याच्या पुढच्या सुटीच्या तारखा. आणि जमलं तर शुक्रवार सोडून या, म्हणजे बोलायला वेळ मिळेल.